कंडक्टर काकांची भेदरं

रिसोडला मी ज्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते, ते काका रोज सकाळी खालून हाक मारायचे, "मॅडम, आभाळ कसं हाय?" मी वरच्या मजल्यावर, म्हणून मला आभाळ जास्त दिसतं असा त्यांचा ठाम समज. आता दहा फुटांनी आभाळ काय जास्त दिसणार, कपाळ! पण मी आपली डोळे चोळत बाहेर यायची आणि सांगायची, "साफ हाय काका." तरी ते अंगणात उतरून, चारी बाजूंना मान फिरवून खात्री करून घ्यायचे. मी खोटं बोलते असं त्यांना वाटायचं नाही. त्यांचा कुणावरच भरवसा नव्हता आणि स्वतःवर तर मुळीच नव्हता.

मी मूळची इंझोरीची, शेतकऱ्याची पोर. रिसोडच्या शाळेत मराठी शिकवायला लागले आणि या घरात आले. वर्गात पुस्तकातली भाषा, घरी आपली वऱ्हाडी, असा माझा दुहेरी कारभार. काका एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. अख्खी गल्ली त्यांना कंडक्टर काका म्हणायची, मीही तेच म्हणायला लागले. खाकी उतरली होती, पण कंडक्टरकी अंगातून गेली नव्हती. लग्नाच्या पंगतीत बसले तरी ते आधी माणसं मोजायचे. वाशिमला जायला जीपमध्ये बसले की ड्रायव्हरला सांगायचे, "दोन जास्त झाले बरं तुह्याकडे." कुणी "चला, पोचलो एकदाचे" असं वाटेत म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. "डेपोत गाडी लागल्याबिगर पोचलो म्हनू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी नोकरीत कायम झाल्याचे पेढे द्यायला गेले तेव्हासुद्धा हेच ऐकलं.

घरामागं पूर्वी गोठा होता. त्या जागेवर काकांनी लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा करून, वर पांढरं प्लास्टिक आणि कडेनं हिरवी जाळी लावून एक घरगुती पॉलीहाऊस केलं होतं. आतमध्ये मातीच्या पिशव्या, पिशवीगणिक एक वेल, आणि वेल सुतळीनं वरच्या तारेला टांगलेले. त्याला लागलेले चेरी टमाटे. आमच्याकडे टमाट्याला भेदरं म्हणतात, आणि भेदरं म्हणजे मुठीएवढं पाहिजे. ही बोराएवढी भेदरं पाहून गल्लीतली माणसं फार मजा घ्यायची. "काका, हे मोठे झाले का मंग सांगजा, पिशवी घेऊन येतो," म्हणायची. काकांना चेष्टा कळायची नाही. ते गंभीरपणे सांगायचे, "हे मोठे होत नाहीत बाप्पा. एवढेच असतात."

सकाळी दहाच्या सुमाराला, फुलांवरचा ओलावा उडाला की, काका आपला जुना तिकिटं पंच करायचा चिमटा घेऊन आत जायचे. बंद घरात ना वारा, ना मधमाशी. फूल हललं नाही तर त्यातली भुकटी झडत नाही आणि फळ धरत नाही. म्हणून ते चिमट्यानं वरच्या तारेवर टकटक, टकटक करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे. अख्खी ओळ थरथरायची. त्यांच्या तोंडातून आपोआप निघायचं, "चला, पुढं सरका, पुढं सरका." बाहेर पडताना दाराला बांधलेली दोरी ओढून दोनदा घंटी. डबल बेल दिल्याशिवाय ते त्या घरातून कधी बाहेर पडले नाहीत. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा हसू दाबायला तोंडात पदर कोंबला होता.

आत जाणाऱ्याची तपासणी व्हायची. चपला बाहेर, आणि हात पुढं. "खर्रा खाल्ला काय?" आमच्या भागात या प्रश्नाला नाही म्हणणारा पुरुष शोधावा लागतो. तंबाखूच्या हातानं झाडाला रोग लागतो असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, आणि त्यावर उपाय म्हणजे दुधानं हात धुणं. एकदा त्यांचे सख्खे साडू मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. बिचारे कौतुकानं भेदरं पाहायला निघाले, तर काकांनी त्यांच्यापुढं दुधाची वाटी धरली. साडू म्हणाले, "मी काय वासरू हाओ काय?" काका म्हणाले, "खर्ऱ्याचा हात हाय तुमचा. झाड मरन." साडू चहा न घेताच गेले. काकू आतून म्हणाल्या, "आता लग्नात आपल्याले पंगतीच्या शेवटी बसवतीन पाह्य," आणि हसता हसता त्यांना धाप लागली.

ती धाप ऐकून काका धावत आत गेले. तोवर मी हा सगळा प्रकार म्हाताऱ्याचा छंद समजत होते. आपल्याला काय कळतं दुसऱ्याच्या घरातलं!

काकूंना गाठ निघाली होती. उन्हाळ्यात पुण्याला लेकीकडे ऑपरेशन झालं. त्यानंतर काकूंनी ताट पाहिलं की तोंड फिरवायचं, असं चाललं होतं. एक दिवस लेकीनं सॅलडमध्ये हे बारके टमाटे ठेवले, काकूंनी चार-पाच एकामागोमाग खाल्ले आणि म्हणाल्या, "हे बरे लागतात." झालं. तेवढ्या तीन शब्दांवर काकांनी उरलेल्या टमाट्यांच्या बिया रुमालात वाळवून रिसोडला आणल्या आणि गोठा पाडला. पुढं अकोल्याला दर तीन आठवड्यांनी केमोची सलाईन सुरू झाली. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की वजन चाळीस किलोच्या खाली गेलं तर सलाईन थांबवावी लागेल, शरीराला झेपणार नाही. काका बाकी सगळं विसरले असतील, चाळीस विसरले नाहीत.

घरात धान्य तोलायचा वजनकाटा होता. दर सोमवारी काकू त्याच्यावर उभ्या राहायच्या आणि काका गुडघे टेकून आकडा वाचायचे. चपला काढून, बांगड्या काढून, शाल काढून. मला वर ऐकू यायचं, "हालू नोको. श्वास रोखू नोको व, सरळ उभी राह्य." रोज दुपारी काका ती भेदरं तव्यावर भाजून, लसूण घालून चटणी करायचे. काकू त्या चटणीशी अर्धी भाकर खायच्या. बाकी काही केलं तरी दोन घासांवर जेवण नाही. अर्धी भाकर म्हणजे चटणी, चटणी म्हणजे भेदरं, आणि भेदरं म्हणजे तो मागचा प्लास्टिकचा मांडव. म्हणून काकांना वाऱ्याची भीती, ढगाची भीती, साडूच्या हाताची भीती. त्यांच्याबरोबर राहून मलाही लागण झाली. शाळेत फळ्यावर लिहितानासुद्धा खिडकीतून ढग दिसला की माझा खडू थांबायचा.

दिवाळीच्या तोंडावर पाचव्या सलाईनला दोघं अकोल्याला गेली. एका दिवसाचं काम, पण काकूंना ताप भरला, पांढऱ्या पेशी कमी झाल्या आणि दवाखान्यात ठेवून घेतलं. सलाईन पुढं ढकलली. आठ दिवस. शाळेला सुट्टी लागली होती, माझी पिशवी भरलेली होती, आई इंझोरीला वाट पाहत होती. मी आईला कळवलं, येत नाही. पॉलीहाऊसचा ताबा माझ्याकडे आला.

काकांचे दिवसातून तीनदा फोन. पाणी किती, आतली गरमी किती, दाराची जाळी लावली काय. मी चिमट्यानं टकटक करायची, "पुढं सरका" म्हणायची, निघताना डबल बेल द्यायची. कुणी बघत नाही ना याची आधी खात्री करून.

तिसऱ्या दिवशी पानांच्या मागं पांढरी माशी दिसली. पान हलवलं की भुर्रकन उडायची. काकांना सांगावं तर तिथं त्यांचा जीव टांगणीला, कशाला आणखी घोर लावा, म्हणून मी गप्प बसले. निंबोळी अर्क घरात होता, पण काकांच्या फवारणीच्या पंपाचं वायसर गेलेलं. मी शेजारच्या गजाननभाऊंचा पंप मागून आणला. आमच्याकडे पाठीवरचा पंप कुण्या एकाचा नसतोच. अंगणात दिसला की उचलायचा, काम झालं की आणून ठेवायचा. त्यात आधी काय मारलं होतं ते मागणाऱ्यानं विचारायचं असतं. मी विचारलं नाही. पाण्यानं एकदा खळबळून घेतला, अर्क भरला आणि अख्खं घर फवारून टाकलं. वर स्वतःची पाठ थोपटली.

माझ्या वडिलांनी तणनाशकाचा पंप आयुष्यभर वेगळा ठेवला. त्याच्या दांडीला लाल चिंधी बांधलेली असायची आणि आम्हा पोरांना त्याला हात लावायची बंदी होती. का, ते मला पक्कं माहीत होतं. म्हणजे मला अडाणीपणाचीसुद्धा सवलत नव्हती.

दोन दिवसांनी शेंडे वाकडे झाले. पानं बारीक होऊन दोरीसारखी पिळली गेली. एका झाडाची नव्हे, सगळ्यांची. तशीच अनवाणी गजाननभाऊंकडे गेले.

"भाऊ, त्या पंपानं तुमी काय मारलं होतं?"

"धुऱ्यावरचं तण मारलं ना, आदल्याच दिवशी. काहून?" मग माझं तोंड बघून म्हणाले, "तुमी धुतला नाही काय?"

"धुतला ना. एकदा."

"एकदा?" ते म्हणाले. साबण-सोड्यानं चार-चारदा धुतल्याशिवाय तो पंप झाडाजवळ नेत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

संध्याकाळी काकांचा फोन आला. "मॅडम, लाल झाले काय भेदरं? आमी गुरुवारी येतो. तिनं दोन दिवसापासून काईच खाल्लं नाही. वजन साडेचाळीसवर आलं. घरी आल्यावर चटणी करून देतो, मंग भरून निघन." मी म्हटलं, "हो काका, झाले लाल." ते खरंच झाले होते. पिळलेल्या पानांतून घोसच्या घोस लाल दिसत होते आणि त्यातलं एकही कुणी खाण्याजोगं राहिलं नव्हतं.

गुरुवारपर्यंत मी मनात किती थापा तयार केल्या म्हणता! रोग आला. रात्री थंडी पडली. बियाणंच तसलं. अकोल्याच्या बाजारात तसले टमाटे डबीत मिळतात असं एका मैत्रिणीनं सांगितलं, तर तेही आणून घोसाला टांगावे असा वेडा विचार येऊन गेला. जेवण जाईना. मी एका बाईच्या तोंडचा घास काढला होता, तोही नुसत्या आळसापायी.

रिक्षातून काकू उतरल्या तेव्हा मी त्यांना धरून आत आणलं. काका सामान उतरवत होते. काकूंना खाटेवर बसवलं आणि माझा धीर सुटला. सगळं भडाभडा सांगून टाकलं, पंप, तण, एकदाच धुणं. रडत होते आणि सांगत होते.

काकू ऐकत राहिल्या. मग माझा हात ओढून जवळ बसवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "रडू नोको व माय. मले त्या भेदऱ्याची चवच लागत नाही."

मला कळेना.

"पुन्याले लागली होती. मंग हे सलाईन सुरू झालं अन् तोंडातली चवच गेली. भेदरं खाल्लं काय अन् माती खाल्ली काय, सारखंच. पन यायले कसं सांगू? हा मानूस भेवानं मरून जाईन. हाताले काम हाय तोवर बरा राह्यते. म्हून खातो मी, चांगलं झालं म्हनतो." मग दाराकडं पाहून म्हणाल्या, "पंपाचं खरं सांगून दे त्यायले. पन हे नोको सांगू. तुले माही शपथ हाय."

काका तोवर मागं गेले होते. मी धावत गेले. ते पॉलीहाऊसच्या मधोमध उभे होते, हातात एक पिळलेलं पान. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "तणनाशक." मी म्हटलं, "काका, मी गजाननभाऊंचा पंप..." आणि त्यांच्या पायाशी बसले.

मला वाटलं आता आरडाओरडा होणार. एवढ्याशा ढगाला घाबरणारा माणूस! पण त्यांनी विळा घेतला, सुतळ्या कापल्या आणि वेल खाली उतरवायला लागले. मीही लागले. घोसांसकट सगळं उपसून अंगणाच्या कोपऱ्यात खड्ड्यात टाकायचं होतं, पिशव्यांतली मातीसुद्धा. एकही भेदरं त्यांनी बाजूला ठेवू दिलं नाही. "कोनी पोरानं उचलून तोंडात टाकलं तर?" म्हणाले.

खड्ड्यावर माती ओढताना ते अचानक बोलायला लागले. माझ्याकडं न बघता.

"तिले चव लागत नाही, मॅडम."

माझ्या हातातलं फावडं तसंच राहिलं.

"महिना झाला. एक दिवस मी चटणीत मीठच टाकलं नाही. घाईघाईत इसरलो. तिच्यापुढं ताट ठेवल्यावर ध्यानात आलं. म्हटलं, आता बोलन. तर म्हनते, मस्त झाली आज. मंग दुसऱ्या दिवशी जानून टाकलं नाही. तरी मस्त झाली." त्यांनी नाक पुसलं. "ती माह्यासाठी खाते. माहं मन राखाले. पन खाते ना? अर्धी भाकर पोटात जाते ना? मले तेवढंच पाह्यजे. तिले सांगजा नोको मले माहीत हाय म्हून." मग खड्ड्याकडं पाहत म्हणाले, "आता दोन महिने ती कायच्या निमित्तानं खाईन?"

मी एकीची शपथ घेऊन आले होते, आता दुसऱ्याचीही. दोघं एकमेकांना फसवत होती म्हणून काकू जगत होत्या, आणि नेमकं तेच निमित्त मी मारून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावातून नवीन पिशव्या आणि गाळाची माती आणली. काकांच्या रुमालात थोड्या बिया शिल्लक होत्या. आणि काकूंना, कुणाला न विचारता, खाट उचलून मागच्या अंगणात आणून बसवलं. काका ओरडले, "वारा लागन तिले!" मी म्हटलं, "लागू द्या." तेवढ्या दिवसांत मी पहिल्यांदाच त्यांच्यावर आवाज चढवला. काकूंना म्हटलं, "काकू, काका म्हणतात आता पुन्हा लावत नाही, थकलो." हे मी साफ खोटं बोलले. काकूंनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि बरोबर ओळखलं. काकांना म्हणाल्या, "कायले थकले? तुमी एक ओळ लावा, मी चतकोर खातो. तुमी थांबले तर मीबी थांबलो."

तेव्हापासून तो व्यवहार सुरू झाला. काका मातीत बी टोचायचे, काकू खाटेवर दूध-भाकर खायच्या. रोप दोन पानांचं झालं, एक घास जास्त. सुतळीला चढवलं, एक घास जास्त. काका कामावरून उठून ताटात डोकावून यायचे आणि काकू मान उंचावून किती रोपं झाली ते बघायच्या. सोमवारी वजनकाटा. साडेचाळीस. चाळीस आणि पाव. त्या सोमवारी काका काट्याजवळून उठलेच नाहीत, मी त्यांना धरून उठवलं. पाचवी सलाईन झाली. पुन्हा चाळीस आणि पाव, तेवढंच. सहावी झाली. शेवटची झाल्यावर मी म्हटलं, "सुटलो काका!" तर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी जीभ चावली.

संक्रांतीनंतरच्या रविवारी पहिला घोस लाल झाला. काकांनी चटणी केली. काकू उन्हात खाटेवर, काका पायाशी, मी पायरीवर निवडण घेऊन. काकूंनी भाकर मोडली, चटणीला लावली, तोंडात टाकली. मी सवयीनं वाट बघत होते, आता म्हणतील, मस्त झाली.

काकूंचा एक डोळा मिटला. तोंड वाकडं झालं.

"अय माय! हे काय केलं हो? केवढं आंबट हाय हे!"

काका म्हणाले, "काय म्हनलं?"

"आंबट हाय म्हनलं, बहिरे झाले काय? दात आंबले माहे. यापेक्षा पिठलं तरी करा एखाद्या दिवशी, झणझणीत." आणि त्यांनी ताट त्यांच्याकडं सरकवून दिलं.

काकांनी ते ताट मांडीवर घेतलं. त्यातला काकूंचा मोडलेला घास उचलून स्वतः खाल्ला. मग दुसरा. ती अख्खी चटणी त्यांनी बोटानं पुसून संपवली, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायचंही भान नव्हतं. काकू म्हणाल्या, "आता तुमाले काय झालं?"

ते माझ्याकडं वळून म्हणाले, "खरंच लई आंबट हाय हो मॅडम." आणि पिठल्यासाठी बेसन कुठं ठेवलंय ते शोधायला आत गेले.